डिस्क उघडायला वेळ लागतोय? आधी घड्याळ बघा!

२००८ सालच्या जुलै महिन्यात ब्राझीलच्या पोलिसांनी रिओ द जानेरोतल्या एका फ्लॅटवर धाड घातली. फ्लॅट होता डॅनियल डँटास या बड्या बँकरचा. आर्थिक गैरव्यवहाराच्या तपासासाठी आखलेल्या या मोहिमेला पोलिसांनी नाव दिलं होतं 'सत्याग्रह'. होय, गांधीजींचाच शब्द! धाडीत पाच हार्ड डिस्क हाती लागल्या. पण त्या 'एन्क्रिप्टेड' होत्या. म्हणजे आतला सगळा मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद आणि पासवर्डशिवाय वाचायची सोय नाही. ब्राझीलच्या तज्ज्ञांनी पाच महिने डोकं आपटलं. मग त्या डिस्क अमेरिकेला 'एफबीआय'कडे गेल्या. तिथेही वर्षभर एकेक पासवर्ड लावून पाहण्याचा उद्योग चालला. अखेर २०१० मध्ये पाचही डिस्क जशाच्या तशा परत आल्या. एकही उघडली नव्हती. (पुढे २०११ मध्ये तिथल्या न्यायालयानं ती मोहीमच रद्दबातल ठरवली, ही गोष्ट वेगळी.)

त्यातलं एक कुलूप होतं 'ट्रूक्रिप्ट' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचं. ट्रूक्रिप्टचं काम २०१४ मध्ये थांबलं. पण त्याचा वारसदार 'व्हेराक्रिप्ट', विंडोजमधला 'बिटलॉकर' आणि मॅकमधलं तसंच कुलूप आज घराघरांत पोहोचलं आहे. कारण उघड आहे. मुलीच्या लग्नाचं शूटिंग, नातवाचे फोटो, घराची कागदपत्रं, आधार-पॅनच्या प्रती असं सगळं तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये मावतं. सीएंच्या डिस्कमध्ये अशिलांचे हिशेब असतात, तर डॉक्टरांच्या डिस्कमध्ये पेशंटचे रिपोर्ट. ही तळहाताएवढी डिस्क रिक्षात राहिली, लोकलमध्ये चोरीला गेली तर? म्हणून लोक कुलूप लावतात. शहाणपणाचंच काम आहे ते.

मग एक दिवस तक्रार सुरू होते. डिस्क जोडली, पासवर्ड टाकला, तरी फोल्डर दिसायला दोन-दोन मिनिटं लागतात. पूर्वी चुटकीसरशी उघडायची, आता चहा होतो तरी उघडत नाही. घरातला एक म्हणतो, 'व्हायरस शिरला.' दुसरा म्हणतो, 'कुलपामुळेच होतंय, काढून टाका.' शेजारचा हुशार मुलगा सुचवतो, 'काका, फॉरमॅट मारा.' म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! या घाईत एक चुकीचं बटण दाबलं जातं आणि वीस वर्षांचा अल्बम पुसला जातो. डिस्क हळू का उघडते, हे नीट समजून घ्यायचं ते यासाठी.

कुलपावर उगाच आळ

पहिला गैरसमज असा की सांकेतिक मजकूर उलगडायला वेळ लागतो. आज बहुतेक सर्व डिस्कना 'एईएस' पद्धतीचं कुलूप असतं. बेल्जियमच्या दोन संकेतलिपीतज्ज्ञांनी बनवलेली ही पद्धत अमेरिकेनं २००१ मध्ये अधिकृत मानली. इंटेल कंपनीनं २०१० पासून आपल्या प्रोसेसरमध्ये खास या कामासाठीच्या सूचना बसवायला सुरुवात केली. त्यामुळे गेल्या काही वर्षांतला साधा लॅपटॉपही हा मजकूर सेकंदाला एक गिगाबाइटहून अधिक वेगानं उलगडतो. उलट बाहेरून जोडायची, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइटच देऊ शकते. म्हणजे कुलूप उघडणारा हात डिस्कच्या कितीतरी पुढे पळतो. वेळ खाणारा कोणी दुसराच असतो.

त्याला पकडायचं साधन प्रत्येकाच्या मनगटावर किंवा मोबाइलमध्ये असतं. ते म्हणजे घड्याळ. डिस्क जोडल्यापासून फाईल दिसेपर्यंतचा वेळ तीन टप्प्यांत मोजायचा. पहिला टप्पा, केबल जोडल्यापासून कॉम्प्युटर पासवर्ड विचारेपर्यंत किंवा डिस्कचं नाव यादीत दिसेपर्यंत. दुसरा, पासवर्ड देऊन 'एंटर' दाबल्यापासून कुलूप उघडेपर्यंत. तिसरा, कुलूप उघडल्यापासून आतले फोल्डर दिसेपर्यंत. तिन्ही वेळा कागदावर लिहायच्या. ज्या टप्प्यात वेळ जातो, तिथेच दुखणं.

पहिला टप्पा : केबल आणि वीज

पासवर्ड विचारायलाच कॉम्प्युटर वेळ लावत असेल, तर कुलपाचा संबंधच नाही. तिथवर कुलपाला कोणी हातच लावलेला नसतो. इथले गुन्हेगार साधे असतात. केबल, सॉकेट आणि वीज.

लहान पोर्टेबल डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसतो. आतली तबकडी फिरवायची वीज ती यूएसबी केबलमधूनच घेते. जुन्या यूएसबी २ सॉकेटमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळण्याचा नियम आहे, तर यूएसबी ३ मधून ९००. एका सॉकेटला चार तोंडांचा स्वस्त हब लावून त्यावर माऊस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह आणि डिस्क असं सगळं कुटुंब पोसलं, तर डिस्क अर्धपोटी राहते. तबकडी फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरायला लागते. बाहेर फक्त 'टक्-टक्' ऐकू येतं आणि कॉम्प्युटर वाट बघत बसतो. उपाय काय? हब काढून डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडा. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल, तर पुढच्यापेक्षा मागच्या बाजूचं सॉकेट निवडा.

केबलचीही एक गंमत आहे. यूएसबी ३ च्या अनेक पोर्टेबल डिस्कचं तोंड रुंद आणि दोन भागांचं असतं. त्यातल्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची केबल बरोबर बसते. मूळ केबल हरवली की लोक तीच लावतात. डिस्क चालते, पण बैलगाडीच्या वेगानं. कारण त्या केबलमधून फक्त यूएसबी २ चा वेग मिळतो, प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइट. आतून पिचलेली केबल तर याहून वाईट. तिच्यामुळे डिस्क मध्येच तुटते आणि पुन्हा जोडली जाते. शंभर-दोनशे रुपयांची चांगली केबल बदलून पाहणं हा सर्वांत स्वस्त उपचार आहे. तो सर्वांत आधी करावा.

दुसरा टप्पा : मुद्दाम लावलेला उशीर

पासवर्ड दिल्यानंतर दोन-चार सेकंद लागत असतील, तर घाबरायचं कारण नाही. तो उशीर मुद्दाम ठेवलेला असतो.

तुमचा पासवर्ड डिस्क थेट उघडत नाही. खरी किल्ली डिस्कवरच एका छोट्या पेटीत असते आणि पासवर्ड उघडतो ती पेटी. व्हेराक्रिप्टमध्ये या पेटीला 'हेडर' म्हणतात. पासवर्डपासून या पेटीची चावी बनवताना तो गणिताच्या घाण्यातून लाखो वेळा फिरवला जातो. व्हेराक्रिप्टमध्ये बाहेरच्या डिस्कसाठी नेहमीचा आकडा आहे ५ लाख वेळा. बिटलॉकरमध्ये तो १० लाखांच्या वर आहे. जुन्या ट्रूक्रिप्टमध्ये तो केवळ हजार-दोन हजार होता.

हा खटाटोप कशाला? हिशेब करून पाहा. तुम्ही एकदाच बरोबर पासवर्ड देता, म्हणून तुमचे दोन सेकंद जातात. पण चोराला अंदाजानं १० लाख पासवर्ड लावून पाहायचे असतील, तर तुमच्यासारख्याच कॉम्प्युटरवर त्याला २० लाख सेकंद, म्हणजे सुमारे २३ दिवस लागतील. चोराकडे जोरदार यंत्रं असली तर तो वेळ कमी होईल, पण पासवर्ड लांब आणि अनपेक्षित असेल तर त्यालाही हात टेकावे लागतील. दाराची कडी जड असणं हा दोष नव्हे!

मात्र दोन-चार सेकंदांऐवजी अर्धा-एक मिनिट जात असेल, तर कारण शोधायला हवं. व्हेराक्रिप्टमध्ये ती चार आहेत.

पहिलं, हा घाणा अनेक प्रकारचा असतो. तुम्ही कोणता वापरला हे डिस्कवर कुठेच लिहिलेलं नसतं. सुरक्षेसाठीच तसं ठेवलं आहे. त्यामुळे प्रोग्रॅमला प्रत्येक प्रकार लावून पाहावा लागतो. पासवर्डच्या चौकटीत 'ऑटोडिटेक्शन' लिहिलेली यादी असते. कुलूप लावताना निवडलेला प्रकार (बहुधा 'एसएचए-५१२') तिथे निवडला की बाकीच्या चाचण्या वाचतात. जुन्या, कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवर हा फरक लगेच जाणवतो.

दुसरं, 'पीआयएम' नावाचा आकडा. घाण्याचे फेरे किती, हे तो ठरवतो. बाहेरच्या डिस्कसाठीचं सूत्र असं : १५,००० अधिक पीआयएम गुणिले १,०००. नेहमीचा पीआयएम ४८५, म्हणून बेरीज बरोबर ५ लाख. उत्साहाच्या भरात कोणी तो २,००० ठेवला, तर फेरे २० लाख १५ हजार, म्हणजे उशीर चौपट. तो कमी करता येतो, पण पासवर्ड किमान २० अक्षरांचा असेल तरच. आणि हा आकडा पासवर्डइतकाच लक्षात ठेवावा लागतो. तो विसरला तर बरोबर पासवर्डही चालत नाही.

तिसरं, 'ऑटो-माउंट'चं बटण. ते दाबलं की प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या प्रत्येक डिस्कच्या प्रत्येक भागावर तुमचा पासवर्ड लावून बघतो. नेमकी डिस्क स्वतः निवडली की हा गावभर फेरा टळतो.

चौथं, चुकलेला पासवर्ड! सगळे प्रकार लावून झाल्याशिवाय प्रोग्रॅम 'नाही' म्हणत नाही, म्हणून सर्वांत जास्त वेळ चुकीच्या पासवर्डलाच लागतो. कॅप्स लॉक चालू आहे का, कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का, हे आधी बघावं. डिस्क ट्रूक्रिप्टच्या काळातली असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. २०२३ पासूनच्या व्हेराक्रिप्टच्या नव्या आवृत्त्या ट्रूक्रिप्टचं कुलूप ओळखतच नाहीत. त्यासाठी १.२५.९ ही जुनी आवृत्ती लागते. ती वापरून मजकूर बाहेर काढावा आणि नव्या कुलपात ठेवावा.

लिनक्सवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे कुलूप लावताना प्रोग्रॅम त्या कॉम्प्युटरची ताकद मोजतो आणि उघडायला साधारण दोन सेकंद लागतील अशी कडी बसवतो. नव्या लॅपटॉपवर लावलेलं असं कुलूप एखाद्या लहानशा, कमी मेमरीच्या कॉम्प्युटरवर उघडायला घेतलं, की दोन सेकंदांची कितीतरी जास्त होतात. बिघाड काहीच नसतो. पैलवानाच्या मापाची कडी लहान मूल उघडू पाहत असतं, एवढंच.

तिसरा टप्पा : आतली झाडलोट

कुलूप उघडलं, पण फोल्डर दिसत नाहीत. इथे बहुतेक वेळा दोष आपल्याच सवयीचा असतो. काम झालं की 'इजेक्ट' न करता केबल ओढून काढायची सवय! अशी डिस्क पुढच्या वेळी जोडली की कॉम्प्युटर आधी आतल्या फाईलींची हजेरी घेतो. मॅकवर तर 'एक्सफॅट' पद्धतीची डिस्क अशी ओढून काढली असेल, तर पुढच्या वेळी तपासणी पूर्ण होईपर्यंत ती पडद्यावर येतच नाही. फाईली लाखभर असतील तर यात बरीच मिनिटं जातात. लोकांना वाटतं डिस्क मेली. ते ती पुन्हा ओढून काढतात आणि पुन्हा जोडतात. तपासणी पुन्हा पहिल्यापासून! अशा वेळी डिस्क अर्धा तास जोडून स्वस्थ बसणं, हाच उपाय असतो.

अँटिव्हायरस हा दुसरा पाहुणा. काही अँटिव्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क आधी हुंगून बघतात. मॅकचं 'स्पॉटलाइट' आणि विंडोजचं फाईल शोधण्याचं यंत्र याद्या बनवत बसतं. फोटोंच्या फोल्डरमध्ये हजारो छोटी चित्रं तयार होत असतात. त्यात एकाच फोल्डरमध्ये २० हजार फोटो कोंबलेले असतील, तर विचारूच नका. वर्षवार, प्रसंगवार फोल्डर केले तरी मोठा फरक पडतो.

तिसरी शक्यता म्हणजे कुलूप लावण्याचं कामच अर्धवट राहिलेलं असणं. भरलेल्या १ टेराबाइट डिस्कला कुलूप लावायचं, तर सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगानंही पावणेतीन तास लागतात. प्रत्यक्षात याहून जास्तच. लोक तासाभरानं कंटाळून डिस्क काढतात. मग दर वेळी जोडली की बिटलॉकर उरलेलं काम मागे चालू करतो आणि डिस्क रेंगाळते. एका रात्री जोडून ठेवून ते काम पुरं होऊ द्यावं.

खरा धोका ओळखा

वरची कारणं तपासूनही डिस्क दिवसेंदिवस जास्तच हळू होत असेल, नेमक्या त्याच फाईलींवर अडकत असेल, आतून टक्-टक् येत असेल किंवा मध्येच गायब होत असेल, तर मात्र ती आजारी आहे. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क तीच जागा पुनःपुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि त्यात सेकंदांमागून सेकंद जातात. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट प्रोग्रॅम ती नोंद दाखवतो. तिथे पिवळा किंवा लाल रंग दिसला की समजावं, वेळ थोडा आहे.

अशा वेळी पहिलं काम दुरुस्तीचं नव्हे, तर प्रत काढण्याचं. सर्वांत मोलाचं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्तीचे प्रोग्रॅम आजारी डिस्कला आणखी पळवतात आणि त्यातच तिचा प्राण जाऊ शकतो. साध्या डिस्कमध्ये काही भाग खराब झाला, तर त्या भागातल्या फाईली जातात. कुलूपबंद डिस्कमध्ये किल्लीची पेटी असलेला भाग गेला आणि तिची प्रतही उरली नाही, तर बाकी सगळी डिस्क ठणठणीत असूनही काही उपयोग नाही.

आणि सर्वांत मोठा धोका यंत्राचा नाही, आपल्या बोटाचा आहे. व्हेराक्रिप्टनं कुलूपबंद केलेला भाग विंडोजला निव्वळ कचरा दिसतो. म्हणून विंडोज आपणहून विचारतं, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का?' मॅकला बिटलॉकरची डिस्क जोडली तर तो म्हणतो, 'ही वाचता येत नाही' आणि 'इनिशिअलाइज'चं बटण पुढे करतो. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच : नाही! विंडोजमध्ये 'कॅन्सल', मॅकमध्ये 'इजेक्ट'. चुकून होकार दिलाच, तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका. व्हेराक्रिप्ट हेडरची एक प्रत कुलूपबंद भागाच्या शेवटीही ठेवतो. ती शाबूत असेल, तर जाणकाराच्या मदतीनं बराच मजकूर वाचू शकतो.

आज रात्रीच करायची तीन कामं

पहिलं, किल्लीची प्रत. बिटलॉकर कुलूप लावताना ४८ अंकांची 'रिकव्हरी की' देतो. सहा-सहा अंकांचे आठ गट. यातल्या प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो. त्यामुळे टाइप करताना एखादा अंक चुकला, तर विंडोज त्या गटापाशीच थांबवतं. ही की छापून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा, डिस्कच्या पिशवीत नव्हे. व्हेराक्रिप्टमध्ये 'टूल्स'मध्ये जाऊन हेडरची प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरची कथा २०२१ मध्ये जगभर गाजली. त्याच्या कुलूपबंद पेन ड्राइव्हमध्ये ७,००२ बिटकॉइनची चावी होती. पासवर्डचा कागद हरवला. दहा चुकांनंतर कायमचं बंद होणाऱ्या त्या ड्राइव्हवर त्याचे आठ प्रयत्न तोपर्यंत संपले होते!

दुसरं, मजकुराची प्रत. काही डिस्कमध्ये कुलूप आतल्या सर्किटमध्येच असतं. ते सर्किट जळलं तर तबकडी काढून दुसऱ्या डब्यात घालूनही काही वाचता येत नाही. म्हणून एक डिस्क म्हणजे एकही नाही, असंच समजावं. दुसरी डिस्क घ्या, तिलाही कुलूप लावा आणि ती भावाकडे किंवा मुलीकडे, दुसऱ्या घरी ठेवा.

तिसरं, घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला ही किल्ली कुठे आहे, ते सांगून ठेवा. पोलिसांनाही न उघडणारं कुलूप घरच्यांसाठीही तितकंच पक्कं असतं. घरातला कर्ता माणूस अचानक गेला, तर विम्याची कागदपत्रं आणि फोटो त्या डिस्कमध्येच बंद राहतात. मग ते कोणताही कारागीर उघडून देऊ शकत नाही.

एवढं केलं की मग डिस्क उघडायला दोन सेकंद जास्त लागले, तरी जीव टांगणीला लागणार नाही.